तिसरं ठिकाण : चहाचे डोंगर

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. ज्यांच्यावर हे बेतलं ते माझे सख्खे मामू आहेत, आणि हॉस्पिटलच्या खाटेवर माझा हात धरून त्यांनी मला हे सांगितलंय. 

तारीख १९ जानेवारी २०२४. शुक्रवार. जागा बहरीन.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दिवसाची आहे.

मामूंचं नाव अन्सार. मूळ गाव रत्नागिरीजवळचं, पण बहरीनमध्ये एकवीस वर्षं काढलेली. आठवडाभर सित्र्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची बस चालवायची आणि शुक्रवारी आपल्या पांढऱ्या गाडीतून पाहुण्यांना बेट दाखवायचं. किल्ला, मशीद, मोत्यांचा बाजार. बोलके असल्यामुळे लोक खूश असायचे.

गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. अनोळखी नंबर.

‘टेम्पल. गार्डन. टी कंट्री. फुल डे. वन पर्सन.’

मामू हसले. जुबैदामामीला दाखवून म्हणाले, “बहरीनला चहाचे डोंगर! पाहुणा नक्की चुकलेला आहे.”

“करक चहा पाजा नि सोडा परत,” मामी म्हणाली. “तोच आपला चहाचा मुलूख.”

सकाळी साडेसातला गुदैबियाच्या बस स्टॉपवर ती उभी होती. त्या दिवशी धुकं होतं. मीही इथेच नोकरीला आहे, जानेवारीत पडतं इथे कधीकधी. काळा अबाया, डोक्यावरून तपकिरी शाल, तोंडाला मास्क. हातात काहीच नाही.

पर्स नाही. मोबाईलसुद्धा नाही.

मग मेसेज कुठून केला?

हा प्रश्न मामूंना तेव्हा पडलाच नाही. ती मागे बसली. मामूंनी दोन-तीनदा बोलायचा प्रयत्न केला. ती नुसती मान हलवायची.

आधी मनामाच्या जुन्या बाजारातलं श्रीनाथजींचं मंदिर. गल्लीत फुलवाले, आत आरतीची घाई. ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. दहा मिनिटं तशीच. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी आत जात होती, पण एकाचाही धक्का तिला लागला नाही.

मग बारबार नावाचं गाव. चार हजार वर्षांपूर्वीच्या देवळाचे दगड आहेत तिथे, आणि पायऱ्या उतरून जायची एक जुनी विहीर. आवारात बारीक खडी पसरलेली. मामू पुढे चालत माहिती सांगत होते. बुटांखाली खडी करकर वाजत होती.

करकर... करकर...

मामू मध्येच थांबले.

आवाज फक्त त्यांच्याच बुटांचा येत होता.

मागे वळून पाहिलं. ती दोन हात अंतरावर उभी होती. डोळे विहिरीकडे.

‘हलक्या पायाची असेल,’ असं मामूंनी स्वतःला समजावलं.

जुम्म्याची वेळ झाली. मामूंनी मशिदीजवळ गाडी लावली. ती उतरायला तयार नव्हती, म्हणून काचा थोड्या खाली करून ते नमाजला गेले. पाऊण तासाने परत आले, तर काचा पूर्ण वर. आतून दमट, वाफ धरलेल्या. बाहेर थंड वारा सुटलेला, आणि दार उघडताच आतून भट्टीसारखी झळ आली. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसला.

ती मागे शांत बसली होती. कपाळावर घामाचा थेंबसुद्धा नाही.

मामू म्हणतात, “तेव्हाच पळायला हवं होतं.”

पण ते तिला बुदैयाच्या बागेत घेऊन गेले.

सुट्टीचा दिवस, त्यामुळे बागेत गर्दी होती. चटया, डबे, पोरांचा दंगा, खजुराच्या झाडांवर बुलबुलांची किलबिल. ती एका मेंदीच्या कुंपणापाशी गेली. तिथले बुलबुल गप्प झाले. सगळे एकदम.

तिने दोन्ही हात कुंपणावर ठेवले... आणि पानं खुडायला लागली.

शेंड्याची फक्त. दोन पानं आणि एक कोंब. दोन पानं, एक कोंब. बोटं इतकी झरझर चालत होती की नजर ठरेना. मूठ भरली की ती हात खांद्यावरून मागे टाकायची, पाठीला टोपली असल्यासारखी. पाठीला काहीच नव्हतं.

पण पानं खाली पडत नव्हती.

मामूंनी जमिनीकडे पाहिलं. एकही पान नाही.

मग ती वळली. त्या दिवसात पहिल्यांदाच बोलली.

“भैया... अब जनाबिया.”

 तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

सेल्वराणीचा होता.

आता हे सांगायलाच हवं. मामूंनी मला खाली मान घालून सांगितलं, मीही तसंच सांगतो.

२०१७ मध्ये मामू जनाबियातल्या एका व्हिलात घरचे ड्रायव्हर होते. शैलेंद्र साहेब मोठे इंजिनिअर, नीला मॅडम बँकेत, मुलगा अथर्व शाळेत. मराठी कुटुंब. मामूंचा व्हिसा साहेबांनीच करून दिलेला. त्या घरात कामाला सेल्वराणी होती. सगळे सेल्वी म्हणायचे. श्रीलंकेच्या चहाच्या डोंगरातली, आईबरोबर लहानपणापासून पानं खुडलेली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल.

मॅडमनी तिचा पासपोर्ट ठेवून घेतला होता. मग फोनही घेतला. चूक झाली की तिला गच्चीवरच्या कपड्यांच्या खोलीत कोंडायच्या. पत्र्याची खोली. एसी नाही, खिडकी नाही.

ऑगस्टमध्ये एकदा मामू गाडी पुसून निघाले आणि बरंच पुढे आल्यावर मागच्या सीटखालून सेल्वी वर आली. लपून बसली होती. हात जोडून म्हणाली, “भैया, एम्बसी. बस एम्बसी तक.”

मामू “ठीक आहे” म्हणाले. आणि पुढच्या चौकातून गाडी परत जनाबियाकडे वळवली.

व्हिसा जाईल, घरी तीन पोरं आहेत, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

गेट दिसलं तेव्हा तिला कळलं. ती ओरडली नाही. इतकंच म्हणाली, “भैया, ये रास्ता नहीं है.”

तिला वर कोंडलं. एक दिवस... दोन दिवस... तीन दिवस. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री. मामू खाली गाडी धूत होते. पहिल्या दिवशी पत्र्यावर धपधप आवाज येत होता. दुसऱ्या दिवशी खरवडल्यासारखा. तिसऱ्या दिवशी आवाज आला नाही.

पोलीस यायच्या आधी साहेबांनी स्वतः दाराची बाहेरची कडी काढली आणि कडीची भोकं पुट्टी भरून बुजवली. स्वतःहून वर जाऊन बसली, उन्हाने गेली, असं ठरलं. पोलिसांनी मामूंनाही विचारलं, मुलीची काही तक्रार होती का?

मामू म्हणाले, “मफी.” काही नाही.

तीच आता बागेत त्यांच्यासमोर उभी होती.

मामू पळत सुटले. चटया तुडवत, पोरांना ढकलत. गाडीत शिरले, चारही दारं लॉक केली, मागची सीट तीनदा तपासली. रिकामी. मग नीला मॅडमना फोन लावला. साहेब दोन वर्षांपूर्वी मुलाच्या कॉलेजसाठी पुण्याला गेले होते. मॅडम नोकरीमुळे त्याच व्हिलात एकट्या राहत होत्या.

“बोल रे अन्सार. मीच तुला करणार होते, पुण्याला थोडं सामान...”

पलीकडे दारावरची बेल वाजली.

“एक मिनिट हं, कोणीतरी आलंय.”

“मॅडम, दार उघडू नका!”

“का? काय झालं?”

“ती आलीय. सेल्वी.”

 मॅडमचा आवाज खाली आला, कडक झाला. “शुद्धीवर आहेस ना? ती गोष्ट केव्हाच खलास झालीय. पुन्हा हे नाव माझ्यापाशी काढायचं नाही.”

सपाता वाजल्या. दार उघडल्याचा आवाज आला.

“बघ, कोणी नाहीये,” मॅडम म्हणाल्या. दार लागलं.

आणि मग... अगदी हळू...

“अन्सार... वर गच्चीवर कोण चालतंय?”

फोन कट झाला.

व्हिला तिथून पाच मिनिटांवर होता. मामूंनी गाडी सुरू केली आणि तिकडे गेले नाहीत. सरळ रिफाचा रस्ता धरला. घरी. मामीकडे.

पण रिफा आलंच नाही.

धुकं पुन्हा उतरलं. पाट्या दिसेनाशा झाल्या. मग गाडीला चढ लागायला लागला. पहिल्यांदा मामूंना भास वाटला. बहरीन तळहातासारखं सपाट आहे हो, तिथे घाट कुठला? पण गिअर दुसऱ्यावर आणावा लागला. वळण आलं. दुसरं वळण. कानांना दडे बसले, उंचावर बसतात तसे. काच खाली केली तर ओल्या मातीचा वास आला, आणि ताज्या हिरव्या पानांचा.

धुक्यातून दोन्ही बाजूंना चहाची झाडं दिसायला लागली. रांगाच रांगा, वर डोंगरापर्यंत.

त्यांत बायका उभ्या होत्या. पाठीला टोपल्या. खाली वाकून खुडत होत्या.

गाडी जवळ आली तशा त्या थांबल्या. सगळ्या. आणि सगळ्यांनी एकाच वेळी माना वर केल्या.

इंजिन बंद पडलं.

मागच्या सीटवरून आवाज आला.

“पहुँच गये, भैया.”

धुकं एका क्षणात विरलं. चहा नाही, डोंगर नाही. उजाड वाळू, तेलाचे पाइप आणि डोक्यावर पांढरं ऊन. दारं उघडेनात. काचा हलेनात. लाथा मारून पाहिल्या, चरा उठला नाही. फोन एवढा तापला की हातातून पडला.

आणि गाडी आतून तापत गेली.

मामूंना वाटलं तासभर झाला. तोंड सुकलं, जीभ टाळूला चिकटली, ओठ फुटले. त्यांनी आरडाओरडा केला. काचेवर धपधप हात मारले. मग नुसती नखं. ती मागे बसून होती. वळून पाहायची हिंमत नव्हती, पण मानेवर तिचा श्वास कळत होता. तेवढी एकच गोष्ट गाडीत थंड होती.

सोमवारी सकाळी अस्कर गावाच्या पुढे, पाइपलाइनवर काम करणाऱ्या एका माणसाला गाडी दिसली. सोमवारी. तीन दिवसांनी. तोवर मामीने आणि आम्ही सगळं बहरीन पालथं घातलं होतं. त्याच रस्त्याने मी स्वतः दोनदा गेलो होतो, तिथे गाडी नव्हती.

दारं उघडीच होती. नुसता हात लावला आणि उघडली.

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. अंगावर फोड होते. त्या तीन दिवसांत बाहेरचं तापमान वीसच्या वर गेलं नव्हतं. डॉक्टर रिपोर्टचा कागद दोनदा वाचून निघून गेले.

त्याच सोमवारी बँकेतल्या लोकांनी व्हिला उघडायला लावला. नीला मॅडम गच्चीवरच्या खोलीत सापडल्या. दाराला बाहेरून कडी नव्हती. ती तर २०१७ मध्येच काढलेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तरी आतून पत्र्यावर नखांचे ओरखडे होते, आणि बोटांना नखं उरली नव्हती. कारण, उष्माघात. जानेवारीत.

मामूंनी हॉस्पिटलमधूनच पोलिसांना बोलावलं. गाडी परत वळवल्यापासून ‘मफी’पर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढे काय झालं, कोणी कळवलं नाही. मामू आता गावी असतात. गाडीत बसत नाहीत. बाजारालाही चालत जातात.

गेल्या सुट्टीत मी गेलो होतो. एक गोष्ट मला डाचत होती, ती विचारलीच.

“मामू, मॅडमना नाही सोडलं तिने. मग तुम्हाला का सोडलं?”

 त्यांनी आधी मामी आत आहे ना, ते पाहिलं. मग म्हणाले, “शेवटी शेवटी तिने काच चार बोटं खाली केली. हवा आली. मग कानाशी येऊन विचारलं... भैया, साहब किधर है?”

पुण्याचा पत्ता मामूंना पाठ होता. मॅडमचं सामान सुट्टीवर येताना तेच पोचवायचे.

“तुम्ही काय बोललात?”

“तहान लागली होती रे,” मामू म्हणाले. “फार तहान लागली होती.”

“सांगितलंत?”

“विंग, मजला, फ्लॅट नंबर. सगळं.”

त्या फ्लॅटमध्ये शैलेंद्र साहेबांबरोबर अथर्वही राहतो. सेल्वी गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याचा काय दोष?

मामूंच्या जुन्या फोनमधून साहेबांचा नंबर मी लिहून घेतलाय. फोन करून सावध करायचं, एवढंच. पण काय सांगू? कोण येतंय म्हणून सांगू? आणि मी आडवा आलो हे तिला कळलं तर? मलाही घर आहे, दोन लहान मुली आहेत.

चार महिने झाले.

मी अजून फोन केलेला नाही.