शत्रू आणि रुग्णनौका

अवकाशातील आरमारांच्या त्या संगणकीय खेळात शत्रू समोर येणारे प्रत्येक यान नष्ट करत असे. जखमींना नेणाऱ्या रुग्णनौकेवर मात्र त्याने एकदाही तोफ डागली नाही. तिला सोडून द्यावे असा नियम खेळाच्या आराखड्यात कोठेही नव्हता.

मी भौतिकशास्त्र शिकले आणि पोटासाठी लोकांची मते वाचू लागले. खेळ विकत घेणारे त्याविषयी संकेतस्थळावर बरेवाईट लिहितात. ते सारे वाचायचे, त्याची वर्गवारी करायची आणि लोक नेमके कशावर चिडले आहेत हे खेळ बनवणाऱ्यांना सांगायचे, असे ते काम. रुजू होण्याच्या दिवशी कार्यालयाच्या वाटेवर पावसाने गाठले. चष्म्याचे एक दुकान अजून उघडायचे होते. त्याच्या छपराखाली उभी राहून मी ताईला फोन लावला.

"अगं, काल दिवसभर तोच खेळ खेळत होते. सगळं आरमार बुडवलं मेल्यानं! एक रुग्णनौका तेवढी सोडली... हा शत्रू ज्याने लिहिलाय ना, तो एकतर माणूसघाणा असणार, नाहीतर फार हळवा."

फोन बंद केला, तेव्हा शेजारून आवाज आला, "पहिलं."

"काय?"

"माणूसघाणा." एक उंच माणूस खांद्यावरची पिशवी पोटाशी धरून तिला पावसापासून वाचवत उभा होता. स्वतः मात्र अर्धा भिजला होता. "हळवा अजिबात नाही. हवं तर आईला विचारा माझ्या. फक्त रविवारी बोलतो तिच्याशी."

चेहरा गंभीर होता. चष्म्याच्या ओल्या काचांमागचे डोळे मात्र तसे नव्हते.

"म्हणजे तुम्ही—"

"मीच तो मेला. आणि तुम्ही मतं वाचणाऱ्या नव्या बाई. काका म्हणालेच होते, फार चौकस आहे, जपून राहा."

"मग राहा की जपून."

"राहिलोय ना. बघा, मध्ये एक पिशवी ठेवली आहे."

पाऊस थांबण्याची वाट आम्ही आवश्यकतेपेक्षा बरीच अधिक पाहिली. दुकानदाराने येऊन दार उघडले, तेव्हा रस्त्यावरून लोक छत्र्या मिटून चालले होते.

काका म्हणजे आमचे मालक. बारमाही मफलर गुंडाळणारे, हिशोबात कडक आणि बोलण्यात मऊ. तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट खोलीत आमचे सगळे कार्यालय मावत असे. खिडकीवर पत्र्याचे छज्जे होते. पाऊस आला की फोनवर बोलणे अशक्य होई. शत्रूच्या आरमाराची बुद्धी तो पिशवीवाला लिहीत असे, म्हणून खोलीत त्याचे नाव शत्रूच पडले होते. "आज शत्रू रजेवर आहे, निवांत जेवून घ्या," असे काका न हसता सांगत. कोणी कसलेही विधान केले की मी त्याचा आधार विचारत असे, म्हणून आठवड्याभरात मी 'पुरावा' झाले.

"पुरावा, चहा संपला."

"पुरावा?"

तो किटली उलटी धरून दाखवी. एक थेंब पडे.

"संपला नव्हता," मी म्हणे.

"आता संपला."

किंवा दुपारी माझ्या टेबलाशी येऊन, अगदी शास्त्रीय गांभीर्याने, "बाहेर ऊन पडलंय."

"पुरावा?"

"चला, दाखवतो."

तो पुरावा पाहण्यासाठी आम्ही नदीवरच्या पुलापर्यंत जात असू. एकदा तर पुलावर पोहोचेपर्यंत आभाळ पुरते भरून आले. "ऊन कुठंय?" मी विचारले. "पोहोचायला उशीर केलास तू," तो म्हणाला. बोलता बोलता तो 'तू'वर आला होता, आणि त्या वेळी ते दोघांच्याही लक्षात येऊन दोघेही नदीकडे पाहू लागलो. त्याने स्वतःची छत्री उघडली आणि न विचारता माझ्या बाजूला अधिक झुकवली.

घरी ताईने विचारले, "काय गं, आईला काय सांगू? शत्रू पसंत आहे?"

मी म्हटले, "निरीक्षण चालू आहे."

"कर, कर. तोवर मी स्वयंपाकाचं बघते. तुझं निरीक्षण पाहता तो म्हातारा होईपर्यंत मला वेळ आहे."

दरम्यान मते येतच होती. कोणी लढाया लांबतात म्हणून कुरकुरत, कोणी इंधन लवकर संपते म्हणून. रुग्णनौकेवर मात्र जुंपली होती. एकाने लिहिले, "शत्रूला आई असावी." त्याखाली दुसऱ्याने, "हा सरळसरळ दोष आहे. मी रुग्णनौकांची रांग पुढे ठेवतो आणि मागून तोफा चालवतो. असे जिंकण्यात काय मजा?" तिसऱ्याने त्याला उत्तर दिले होते, "मग नका ठेवू रांग. शत्रूला लाज आहे, तुम्हाला नाही."

मी त्याला विचारले, "रुग्णनौकेला का सोडतोस?"

"मी कुठं सोडतो?"

"तुझा शत्रू सोडतो."

"मग त्यालाच विचार. मी तसं काही लिहिलेलं नाही."

पुन्हा विचारले, तेव्हा तो म्हणाला, "खरंच नाही गं." तिसऱ्यांदा तर हात जोडले. मी ही तिन्ही विधाने विनयाच्या खात्यात टाकली. माझ्यापाशी निरीक्षणे होती ना! खोलीतल्या खुर्च्यांपैकी एकीचे चाक मोडले होते. ती कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो रोज लवकर येऊन तीच घेऊन बसत असे, आणि विचारले तर "कलून बसायची सवय आहे" म्हणे. अशा माणसाने रुग्णनौका वाचवली नसती तरच नवल. अनुमान मला इतके आवडले होते की ते तपासायचे राहून गेले.

मग एका संध्याकाळी एक मत आले. खोलीत आम्ही दोघेच होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून मला ते मोठ्याने वाचावे लागले.

"बाबा रुग्णालयात होते, तेव्हा मी लढाई खेळू शकले नाही. फक्त एकटी रुग्णनौका घेऊन शत्रूच्या आरमारातून आरपार जात राहिले. दोन्ही बाजूंना तोफा होत्या. कोणीही डागली नाही. ज्याने हे लिहिले त्याचे आभार मानायचे आहेत. बाबा गेले."

तो खिडकीपाशी उभा होता.

"तूच लिहिलंस ना हे?" मी विचारले.

त्याने वळून माझ्याकडे पाहिले... काही म्हणायला ओठ उघडले, मिटले. आणि मग अगदी हलकेच—

"हो."

मी जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला. खिडकीच्या चौकटीवर ठेवलेला तो हात थंड होता आणि किंचित ओला. त्याने तो काढून घेतला नाही. त्या संध्याकाळी छत्री एकच उघडली.

दुसऱ्या दिवशी आनंदाच्या भरात मी काकांना सांगितले. काकांनी ते खेळाच्या पानावर ठळक छापले: 'आमचा शत्रू रुग्णांवर तोफ डागत नाही.' लोक भारावले. त्याच्यासाठी निरोप येऊ लागले; परिचारिकांनी लिहिले, एका शिक्षकाने वर्गात वाचून दाखवल्याचे कळवले. मी ते सारे त्याला वाचून दाखवी. तो ऐके, चष्मा पुसे आणि कामाला लागे. पुलावर आम्ही आता रोजच जात असू. ऊन पडले आहे असे तो म्हणाला की मी पायात चपला सरकवून निघत असे. तो पूर्वीपेक्षा कमी बोलतो हे मला दिसत होते. सुखी माणूस कमी बोलतो, असे मी त्याचे स्पष्टीकरण ठरवून टाकले होते.

पुढे खेळात एक नवे यान आले: कचरानौका. आमच्या चित्रकार मुलीने ती हौसेने काढली होती. गंजलेली, फुगलेली, मागे टरफले सांडत जाणारी. ती आल्यानंतर लगेचच एका खेळाडूने लिहिले, "तुमचा दयाळू शत्रू कचऱ्यालाही जीव लावतो. अभिनंदन."

खोलीत हशा पिकला. काका म्हणाले, "पुरावा, बघ गं जरा काय भानगड आहे ती."

मी हसत नव्हते. रुग्णनौका आणि कचरानौका यांच्यात समान काय, हे शोधायला फार बुद्धी लागत नाही. दोघींवरही तोफ नव्हती. परीक्षा करायची तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, हे मला पहिल्या वर्षात शिकवले होते. मी रुग्णनौकेवर एक तोफ बसवली, खेळातली सर्वांत दुबळी, जिने कोणाचेही काही बिघडत नाही. मग लढाई सुरू केली.

शत्रूची तीन याने शेजारून चालली होती. ती वळली. पहिल्याच फटक्यात पांढऱ्या नौकेचे दोन तुकडे झाले आणि आतले दिवे एकामागून एक विझत गेले.

"दुसऱ्यांदा करून बघ," मागून तो म्हणाला. तो केव्हा येऊन उभा राहिला होता, मला कळले नव्हते. "एका निरीक्षणावर निष्कर्ष काढायचा नसतो."

मी दुसऱ्यांदा केले. तेच झाले.

"तुला माहीत होतं?"

"मी लिहिलं नाही, एवढं माहीत होतं. का होतं ते नव्हतं. शोधलं असतं तर सापडलं असतं..." तो शेजारच्या टेबलाला टेकला. "शोधवेना."

"मग 'हो' का म्हणालास?"

त्याने चष्मा काढला. चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा एकदम लहान दिसे.

"त्या दिवशी तू ज्याच्याकडे बघत होतीस ना, तो मी असावा असं वाटलं. क्षणभरच. नंतर खरं सांगणार होतो. पण तो क्षण काकांनी छापून टाकला."

मला हसू आले आणि ते अर्ध्यावर मोडले.

"मी रागावलेली नाही," मी म्हटले.

"मी आहे."

"कोणावर? माझ्यावर?"

"तीनदा खरं बोललो, तुला पटलं नाही. एकदा खोटं बोललो, लगेच पटलं. आणि तेव्हापासून... तू मला एकदाही पुरावा मागितला नाहीस. चहा संपला म्हटलं की संपला. ऊन पडलंय म्हटलं की चाललीस. आधी कशी भांडायचीस! ती भांडायची ती माझ्याशी. आता जिच्याबरोबर मी पुलावर जातो, ती दुसऱ्याच कुणाबरोबर येते. रोज मी मध्येच चालतोय तुमच्या."

"ती नौका नसती तरी मी—"

"पुरावा?"

टोमणा नव्हता. त्याला खरोखरच हवा होता. त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत जे होते ते मी प्रेमाशिवाय दुसऱ्या नावाने कधीही ओळखणार नाही. मी मनातल्या मनात साऱ्या भेटी चाळल्या. चष्म्याच्या दुकानापाशी पहिले वाक्य बोलले, तेव्हाही ती नौका माझ्या तोंडी होती. तिच्याशिवाय तो मला एकदाही दिसला नव्हता. "आहे" म्हणणे सोपे होते. एका सोप्या 'हो'चे काय झाले ते आम्ही दोघेही पाहत होतो.

मी नकारार्थी मान हलवली.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. "चल, कारण शोधू."

ती दुपार आम्ही त्याने लिहिलेले नियम ओळीने वाचण्यात घालवली. खांद्याला खांदा लागत होता. आमच्या सहवासातली ती सर्वांत चांगली दुपार होती, हे नोंदवणे भाग आहे. मी प्रत्येक ओळीला आधार विचारत होते आणि तो वैतागत होता, हसत होता, पुन्हा समजावत होता. कारण सापडले तेव्हा दोघांनाही वाटले, ते इतक्यात सापडायला नको होते.

काकांनी डोके खाजवले. "आता दुरुस्त करायचं की कसं? लोकांना तर आवडतंय." मग ते म्हणाले, "राहू दे तसंच. पण खरं काय ते छाप. आणि पुरावा, ती वडलांबद्दल लिहिणारी... तिलाही सांगणार?"

"तिला आधी," मी म्हटले.

तो महिनाअखेरीस गेला. दुसऱ्या शहरात, चौकांतले सिग्नल केव्हा बदलावेत हे ठरवण्याचे काम त्याने घेतले होते.

"तिथे शत्रू कोण?" जिन्यात मी विचारले.

"डावीकडून येणारे सगळे."

जिन्याच्या उघड्या खिडकीतून भुरभुर आत येत होती. पिशवी त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली, माझ्या केसांवर पडलेला एक थेंब बोटाने टिपला आणि तो बोटावरच ठेवून क्षणभर पाहत राहिला. "राहा म्हण," असे तो म्हणाला नाही. मीही 'राहा' म्हणाले नाही. खालच्या वळणावर त्याने मान वर केली... मग फक्त पावलांचा आवाज राहिला.

निवेदनाचा मसुदा मी त्याला आधीच दाखवला होता. "एकही शब्द बदलू नकोस," एवढेच त्याने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो तसाच प्रसिद्ध केला:

'शत्रू लक्ष्य निवडताना समोरच्या यानांवर किती तोफा आहेत ते मोजतो आणि सर्वाधिक तोफांच्या यानापासून सुरुवात करतो. ज्या यानावर एकही तोफ नाही, ते या मोजणीत येत नाही, म्हणून त्याच्यावर हल्ला होत नाही. हा नियम लिहिला गेला तेव्हा खेळात निःशस्त्र यान नव्हते. रुग्णनौका त्यानंतरच्या वर्षी आली आणि नियम पुन्हा तपासला गेला नाही. तिला वाचवावे असे कोणीही ठरवलेले नव्हते.'