तिसरं धुराडं

वारुंगा गावच्या जुन्या शेतघरावर तिसरं धुराडं बसलं नाही. ते पुडिंग नावाच्या कुत्र्यानं थांबवलं. पण हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. नगरपालिकेच्या दप्तरातही तसं काही घडलेलं नाही.

तर, जानेवारीतली उन्हाळी सुट्टी (पृथ्वीच्या दक्षिण भागात उन्हाळा तेव्हाच असतो). लॅची, त्याची चुलतबहीण थिया आणि पुडिंग नदीवर पोहायला निघाले होते. वाटेत शेतघराच्या छपराला शिडी लागलेली दिसली!

“काय चाललंय हो?” थियानं विचारलं.

“घराला दीडशे वर्षं झाली ना! हरवलेलं तिसरं धुराडं बांधतोय,” शिडीवरचा गवंडी म्हणाला. “जेवलो की छप्पर फोडतो.”

“हरवलं? धुराडं म्हणजे काय छत्री आहे?”

गवंड्यानं खिशातून पदक काढलं. सोहळ्यासाठी नगरपालिकेनं अशी चार हजार पाडली होती. पदकावर शेतघर, व्हरांडा आणि धुराडी तीन. समोरच्या छपरावर मात्र दोनच! पदकाच्या मागे बारीक अक्षरं होती: ‘चित्र – लॅची मन्रो, वय ११’.

लॅचीला अचानक आपल्या चपलेच्या पट्ट्यात फार रस वाटू लागला.

व्हरांड्यात मिसेस क्विल्टी चाव्यांचा जुडगा पिशवीत भरत होत्या. घराची देखभाल त्याच करायच्या. “बावीस वर्षं झाडतेय मी हे घर,” त्या म्हणाल्या. “आणि एक अख्खं धुराडं नाहीये, हे मला दिसलं नाही! तोंड दाखवायला जागा नाही रे. आज चाव्या परत करते.”

लॅची पुडिंगच्या मागे सरकला.

थिया आत जाऊन पाहून आली. “तिसऱ्या धुराड्याच्या जागेखाली शेकोटी नाही, काजळी नाही. नुसतं लोणच्याच्या बरण्यांचं कपाट! लॅच्या, तू बघूनच काढलंस ना चित्र?”

“हो.”

“मग तुझे कान का लाल झालेत?”

“ऊन आहे.”

“आपण सावलीत आहोत, मठ्ठा!”

“सॉसेज रोल खात होतो,” लॅची पुटपुटला. “चित्रावर सॉस सांडला. पुसला तर पसरला. मग त्याच्याभोवती रेघा मारल्या आणि... विटा काढल्या. स्पर्धेत पहिला नंबर येईल आणि ते पदकावर जाईल असं मला काय माहीत!”

शाळेनं टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो उठून वाकलाही होता. ते आठवून त्याचे कान आणखी तापले.

दोघं पुडिंगला घेऊन पळत नगराध्यक्षांकडे गेले. लॅचीनं सगळं सांगितलं. फार हळू सांगितल्यामुळे त्याला ते दोनदा सांगावं लागलं.

“लाजतोस कशाला, बाळ? मोठे कलावंत लाजाळूच असतात!” मिस्टर ब्लॉक्सम हसले. “कांस्याचं पदक काय खोटं बोलेल?”

त्यांच्या खुर्चीमागे मूळ चित्र लटकत होतं, सोनेरी चौकटीत.

“काच किती मळलीय, साहेब!” थिया गोड आवाजात म्हणाली. “आतूनसुद्धा पुसून देऊ?”

“गुणी मुलगी!”

थियानं चित्र बाहेर काढून गालिच्यावर ठेवलं. पुडिंग पुढे आला. त्यानं पहिलं धुराडं हुंगलं. दुसरं हुंगलं. तिसऱ्याला मात्र तो जिभेनं असा भिडला, की विटा गेल्या आणि खाली लाल डाग उरला!

मिस्टर ब्लॉक्सम वाकले आणि त्यांनीही डाग हुंगला.

“टोमॅटो?” त्यांनी विचारलं.

“टोमॅटो,” लॅची म्हणाला.

तिघं आणि पुडिंग पळतच शेतघराशी पोहोचले. गवंड्यानं पहिला पत्रा उचकटला होता. “खाली उतर!” नगराध्यक्ष ओरडले. दप्तरात नोंद झाली: ‘छप्पर पाहिले. ठीक आहे.’

मिसेस क्विल्टींनी चाव्या पिशवीतून काढून पुन्हा कमरेला लावल्या. “शाबास! खरं बोलायला छाती लागते,” त्या म्हणाल्या. “थियाची अक्कलही दांडगी!” मग त्यांनी तसलंच एक पदक आपल्या झग्यावर टाचलं. तेव्हापासून त्या येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दाखवतात आणि सॉसची हकिकत पहिल्यापासून सांगतात. अगदी कौतुकानं.

पाहुणे रोज येतात. म्हणून लॅचीनं अर्ज केला:

‘मा. नगराध्यक्ष, वारुंगा यांस. विनंती की, चारही हजार पदके घरोघरून परत मागवून प्रत्येकावरील तिसरे धुराडे व मागील नाव कानशीने घासून काढावे. ते शक्य नसल्यास, अर्जदाराचा जन्म शेजारच्या गावी झाल्याची नोंद करून मिळावी. कळावे.’