गोदाक्काचे दोनशे सोळा ठिपके

ही गोष्ट २०४१ सालची. मुंबईहून नैरोबीला पोचायला तेव्हा चांगले सहा तास लागत, आणि ते सहा तास मुलं खिडकीच्या जागेसाठी भांडत. तेव्हा विमानांना खिडक्या होत्या. त्या मे महिन्यात सांगलीची अकरा वर्षांची शाल्मली आईच्या वडिलांकडे, म्हणजे डॉ. मुकुंद रिसबूड यांच्याकडे, केनियातल्या ओल्केजू अभयारण्यात सुट्टीला गेली होती. आबा तिथे पंचवीस वर्षं सिंहांचा माग काढत होते. "सापडले नाहीत का अजून?" असं आजी सांगलीहून दर रविवारी फोनवर विचारायची.

आबांचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, निळे टवके उडालेले चहाचे मग आणि मधल्या भिंतीवर उजेडाचा एक भलाथोरला नकाशा. नकाशावर सिंहांच्या प्रत्येक कळपाचा एक रंगीत डाग. त्या डागांकडे बघत शाल्मलीने आयुष्यातला पहिला चहा तिथे प्यायला. सांगलीला तिला दूधच मिळायचं.

मंगळवारी सकाळी ती उठून आली तेव्हा आबा नकाशासमोर उभे होते, आणि हातातल्या चहावर साय धरली होती.

"काय झालं, आबा?"

"सुक्या ओढ्याचा कळप घर सोडून चाललाय. नऊ दिवसांत पिवळा डाग बघ कुठे सरकला."

डाग पश्चिमेला ओघळल्यासारखा सरकला होता. त्याचं एक टोक अभयारण्याच्या बाहेर, गुराख्यांच्या कुरणात गेलं होतं.

"ओढ्यात पाणी आहे, झेब्रे आहेत, कुणी शत्रू आलेला नाही," आबा म्हणाले. "भरलं घर सोडून कुणी खडकाळात राहायला जातं का?"

"पण त्यांची हद्द कुठवर, हे ठरवतं कोण? कुंपण तर कुठेच दिसत नाही."

आबांना असा प्रश्न विचारला की ते खुर्ची ओढून बसत. आताही बसले. "हद्द म्हणजे कळप जेवढ्या जागेत शिकार करतो आणि जिथून परक्यांना हाकलतो, तेवढी जागा. तिला भिंत नसते. सिंह झुडपांवर आपला वास सोडतात आणि गर्जना करतात. पलीकडचा कळप ती ऐकतो आणि त्यात आवाज किती आहेत ते चक्क मोजतो! समोर पाच आवाज आणि आपण तिघी, तर मुकाट्याने मागे फिरायचं. म्हणजे हद्द रोज नव्याने ठरते. पाणी आटलं, नवे नर आले, की सरकते."

"आणि ती सरकली हे तुम्हाला घरबसल्या कसं कळतं?"

"गळपट्ट्यामुळे. सिंहिणीच्या गळ्यात एक उपग्रह-पट्टा (आपण कुठे आहोत हे आकाशातल्या उपग्रहाला कळवणारा पट्टा) बांधायचा. तो दर तासाला एक ठिपका पाठवतो. दिवसाचे चोवीस, नऊ दिवसांचे दोनशे सोळा. सगळ्यात बाहेरचे ठिपके रेषेने जोडले की झाला डाग तयार. हे गणित माझं. पंधरा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही."

पिवळ्या कळपात पट्टा होता गोदाक्काच्या गळ्यात. आबांनी सिंहिणींना आपल्या आत्या-मावश्यांची नावं दिली होती. गोदाक्का, चंपूमावशी, बायजाआत्या. सरकारी कागदांवरही तीच नावं लागली होती.

तेवढ्यात लेमायान आला. हा साठीचा मासाई माणूस आबांचा माग काढणारा जोडीदार. माती, शेण, मोडलेलं गवत बघून तो सिंहाची वाट सांगायचा. शाल्मलीने डोकं खाली वाकवलं. मासाई मुलं वडीलधाऱ्यांना असाच नमस्कार करतात. लेमायानने तिच्या डोक्यावर हात टेकवला आणि आबांकडे वळून म्हणाला, "रिसबूडबाबा, चहा. साखर जास्त." पंचवीस वर्षांत तो आबांकडून बऱ्यापैकी मराठी शिकला होता, आणि सुरुवात नेहमी याच वाक्याने व्हायची.

मग त्याने रोजच्यासारखे खिशातले काळे खडे काढून अंगणात मांडले. पहाटे कुठून किती गर्जना ऐकू आल्या, ते तो असं मांडून ठेवायचा. आज सुक्या ओढ्याजवळ त्याने पाच खडे ठेवले.

"तिथे कुणी नाही, लेमायान," आबा म्हणाले. "नकाशा बघ. तुझे कान आता साठीचे झाले."

"कान साठीचे, पण दोन आहेत," लेमायान चहा भुरकत म्हणाला. "पट्टा एकच आहे."

आबा हसले. शाल्मलीच्या डोक्यात मात्र ते वाक्य खड्यासारखं टोचत राहिलं.

दुपारी अभयारण्याच्या प्रमुख, अकिन्यी मॅडम, चिखलाने माखलेल्या गाडीतून उतरल्या. बसल्याही नाहीत.

"डॉक्टर, शनिवारी त्या कुरणात चारशे गुरं येणार. तुमचा कळप तिथे बसलाय. शुक्रवारी सकाळी आम्ही सगळ्यांना भूल देऊन दोनशे किलोमीटर दक्षिणेला हलवतोय."

"परक्या मुलखात? तिथले सिंह त्यांना जगू देतील?"

"निम्मे जगतील. इथे ठेवले तर एकही नाही. चार वर्षांपूर्वी काय झालं, विसरलात?"

कुणीच विसरलं नव्हतं. तेव्हा सिंहांनी एक गाय मारल्याच्या रागाने कुणीतरी मेलेल्या जनावरात विष घातलं होतं, आणि अकरा सिंह मेले होते. लेमायान चहाचा मग खाली ठेवून बाहेर गेला. कुरण त्याच्याच गावाचं होतं.

मॅडम गेल्यावर शाल्मली हळूच म्हणाली, "आबा, एका कळपाला पट्टे किती?"

"एक. महाग असतात गं. आणि कळप एकत्रच..." आबा बोलता बोलता थांबले.

"एकत्रच असतो?"

"नसतो," आबा म्हणाले. "दोघी इकडे, तिघी तिकडे, असेच असतात ते. दोन-चार दिवसांनी भेटतात. मला हे पंचवीस वर्षं ठाऊक आहे. पण गणित करताना मी धरून चाललो की जिथे गोदाक्का, तिथे कळप. हा डाग कळपाचा नाहीच, शालू. हा फक्त गोदाक्काचा."

पण हे मॅडमना पटवायचं कसं? पावसाने ओढ्याकडचा रस्ता खचला होता. उडती यंत्रं तिथे बंद होती, कारण त्यांच्या गुणगुणीला मधमाश्या समजून हत्ती उधळत.

"लेमायानला ऐकू येतं, ते यंत्राला ऐकवू," आबा म्हणाले. संध्याकाळी त्यांनी आणि लेमायानने तीन टेकड्यांवर तीन माइक बसवले. "वीज आधी दिसते, गडगडाट मागाहून येतो. का? आवाज हळू चालतो. एक किलोमीटरला जवळजवळ तीन सेकंद. आता समज, एकच गर्जना पहिल्या माइकला ऐकू आली आणि दुसऱ्याला तीन सेकंद उशिरा. मग सिंह कुठे?"

"पहिल्याच्या जवळ! दुसऱ्यापेक्षा एक किलोमीटर जवळ."

"शाब्बास. पण अशा जागा पुष्कळ असतात. त्या सगळ्या जोडल्या की एक वाकडी रेघ होते. पहिल्या आणि तिसऱ्या माइकमधून दुसरी रेघ मिळते. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे सिंह."

बुधवारी उजाडता उजाडता गर्जना झाली. लांबून आली, तरी शाल्मली ताडकन उठून बसली. ती गर्जना पुढे साठ वर्षं तिला आठवणार होती. रेघा छेदल्या त्या सुक्या ओढ्याच्या वळणावर. आवाज पाच, म्हणजे गोदाक्का सोडून सगळा कळप.

लेमायान खडे मांडायला विसरला. नुसता आबांकडे बघून हसत होता. "हसून घे," आबा म्हणाले. "आज साखर तू म्हणशील तेवढी."

अकिन्यी मॅडमनी सगळं नीट ऐकलं. "ठीक. कळप ओढ्यावर आहे, त्याला हात लावत नाही. पण मग गोदाक्का एकटी कुरणात आहे. गाय मारायला एक सिंहीण पुरते. शुक्रवारी तिला एकटीला हलवू."

एवढं बोलून त्या गाडीत बसून निघून गेल्या.

शाल्मली नकाशासमोर जाऊन बसली. रेषा पुसून टाकायची खूण तिला माहीत होती. डाग गेला, नुसते ठिपके उरले. मग तिने ते ज्या क्रमाने आले त्या क्रमाने एकेक उमटवले. गोदाक्का खडकांतून निघायची, तीन-चार तासांनी परत तिथेच. पुन्हा निघायची, पुन्हा तिथेच. चौथ्या दिवशी ती जागा शंभरेक पावलं सरकली, मग ये-जा त्या नव्या जागेकडे.

असं कोण करतं? सांगलीच्या घराच्या माळ्यावर व्यालेली मनी मांजर! ती अशीच धावत बाहेर जायची, धावत परत यायची, आणि चार दिवसांनी एकेक पिल्लू तोंडात धरून ट्रंकेमागून गाद्यांमागे नेऊन ठेवायची.

"आबा! गोदाक्काला पिल्लं झालीत!"

लेमायानने कपाळावर हात मारला. "सिंहीण कळपापासून लांब जाऊन विते. दीड-दोन महिने पिल्लं लपवते. मग त्यांना घेऊन घरी येते. मी खाणाखुणा शोधायला तिकडे गेलोच नाही."

गुरुवारी त्यांनी घोरपडीला पाठवलं. घोरपड हा आबांचा गवतातून सरपटणारा चपटा यंत्रमानव. ओढ्याच्या चिखलात त्याचं काही चालत नसे, पण खडकांत तो सहज जायचा. त्याला आबांचाच आवाज दिला होता, त्यामुळे तो प्रत्येक वाक्यामागे 'बरं का' म्हणायचा. तासाभराने त्याचा निरोप आला, "खडकाच्या सावलीत तीन पिल्लं आहेत, बरं का. डोळे नुकते उघडलेत, बरं का. आई शिकारीला गेली आहे. मी लांबच थांबतो, बरं का."

आबांनी अकिन्यी मॅडमना बोलावून पडद्यावर पिल्लं दाखवली. आईला उचललं असतं, तर ती तीन पिल्लं दोन दिवसांत उपाशी मेली असती, आणि कुणाला कळलंही नसतं.

"पण गुरांना चारा कुठला देऊ, लेमायान?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मी गावात जातो," लेमायान म्हणाला. "अर्धं कुरण मागतो. सात आठवडे."

तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. शाल्मली अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी तो आला तो सहा म्हाताऱ्यांना घेऊनच. त्यांनी पिल्लं पडद्यावर दोनदा पाहिली, आपसांत वाद घातला, आणि अट सांगितली. गोदाक्काचा दर तासाचा ठिपका त्यांच्या गुराख्यांच्या फोनवर आला पाहिजे. ती पूर्वेला असेल तर गुरं पश्चिमेला.

"हे मला पंधरा वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं," आबा पुटपुटले.

शाल्मली जूनमध्ये शाळेसाठी परत आली. जुलैच्या एका रविवारी आजीच्या फोनवर एक चित्र आलं. सुक्या ओढ्यात गोदाक्का, मागे तीन पिल्लं, आणि चंपूमावशी त्यांना हुंगते आहे. सात आठवड्यांत एकही गाय गेली नव्हती.

त्यानंतर आबांनी नकाशातल्या सगळ्या अखंड रेषा तुटक केल्या आणि प्रत्येक डागाखाली लिहिलं, 'पट्टा एकीचा. बाकीच्या कुठे आहेत, विचारा.' २०५२ साली ते सांगलीला परतले. आजीने अंगणातल्या चिमण्या मोजायचं काम त्यांना दिलं, आणि शेवटपर्यंत ते त्यांनी मन लावून केलं. लेमायान ऐंशीव्या वर्षापर्यंत पहाटे ऐकायला बसत असे. तरुण पोरांना गर्जनेतले आवाज वेगळे काढायला त्याने शिकवलं. अकिन्यी मॅडम निवृत्त होऊन सरोवराकाठी मासे धरू लागल्या. घोरपड गाळात रुतला तो सापडलाच नाही. गोदाक्का चौदा वर्षं जगली. तिच्या तीन पिल्लांतली एक कळपाची म्होरकी झाली.

शाल्मली मोठी होऊन ओल्केजूलाच गेली, आणि केस पांढरे होईपर्यंत तिथे राहिली. आता सिंहांना पट्टे बांधत नाहीत. शेकडो माइक टेकड्याटेकड्यांवर ऐकत असतात, आणि कुठली गर्जना कुणाची, हे गुराख्यांच्या मुलींनाही ओळखता येतं. यंदाच्या पावसाळ्यानंतर मात्र उत्तरेकडून दोन अनोळखी आवाज येऊ लागले आहेत. तरुण आहेत, नर आहेत, एवढंच कळलंय. ते कुठून आले, कोणाचे आहेत, हे अजून कुणालाच माहीत नाही. मुली रोज उजाडायच्या आत टेकडीवर जाऊन बसतात.