दहा मोजेपर्यंत

पोलंडमधल्या तोरून गावच्या वाकड्या बुरुजापाशी सकाळी आठला चिटपाखरूही नसेल, असा इरमिनाचा अंदाज होता. ऑक्टोबरातला शुक्रवार, वरून भुरभुर... कोण येतंय! तिने छत्री खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि बुरुजाच्या भिंतीला पाठ लावली. टाचा भिंतीला, खांदे भिंतीला, दोन्ही हात समोर ताठ. भिंत पुढे झुकलेली. असं जो उभा राहील त्याच्या मनात पाप नाही आणि जो पडेल त्याने काय ते समजून घ्यावं, ही इथली जुनी परीक्षा. पोझनानला दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एकतीस वर्षांच्या शहाण्या बाईने असला पोरकटपणा चारचौघांत करू नये, म्हणून तर ती सुट्टीच्या दिवशीही एवढ्या लवकर उठली होती.

क्षणभरही टिकली नाही. कोसळली ती थेट कोपऱ्यावरून वळणाऱ्या एका माणसाच्या अंगावर. त्याच्या काखेतल्या फळ्या खडखडत फरसबंद रस्त्यावर पडल्या.

"अगं बाई... लागलं का तुम्हाला?"

"मला नाही. पण तुमचं पाप बरंच दिसतंय," तो फळ्या गोळा करत म्हणाला. "इतक्या जोरात सहसा कुणी पडत नाही."

"भिंतच वाकडी आहे!"

"सगळे तेच म्हणतात."

"मग तुम्ही उभे राहून दाखवा ना."

"मी इथलाच. आम्ही नाही असल्या फंदात पडत. आमची पापं आम्हाला तोंडपाठ असतात."

त्याच्या डाव्या भुवईत लाकडाचा भुसा अडकला होता. तो सांगावा की नाही, या विचारात इरमिना जरा जास्तच वेळ त्या भुवईकडे बघत राहिली. मग तिने मुकाट्याने दोन फळ्या उचलल्या आणि त्याच्यामागून चालू लागली. पाडल्या तिनेच होत्या, पोचवायला नकोत का?

त्याचं नाव तीमोन. मध, लवंग, दालचिनी घालून केलेली पिएर्निक बिस्किटं तोरूनची खासियत, आणि तीमोन त्यांचे लाकडी साचे कोरायचा. नासपतीच्या लाकडात घोडेस्वार, राण्या, बदाम, मासे... त्याच्या दुकानात भिंतभर टांगलेले. शेगडीवर किटली उकळत होती. त्याने बिस्किटाचा एक घोडेस्वार तिच्या हातात ठेवला आणि तो चहाकडे वळतोय तोवर इरमिनाने स्वाराचं डोकं चावलंसुद्धा.

"अहो! शोभेचा आहे तो! दोन वर्षांपूर्वीचा!"

"आधी सांगायचं!"

"आधी तुम्ही चावलात!"

इरमिनाने जिभेने दात चाचपला. "शाबूत आहे. असे दोन-चारशे स्वार आमच्या पोझनानला धाडून द्या. माझ्या धंद्याला बरकत येईल."

तो इतका खळखळून हसला की भुवईतला भुसा आपोआप गळून पडला. इरमिनाला उगाच चुकल्यासारखं झालं.

चहा झाला, दुसरा झाला. दुसऱ्या चहाला त्याने आपला कप धरलेला हात तिच्या हातात कोपराशी अडकवला. वाइन नाही तर चहा, पण दोघांनी असे हात गुंफून प्यायले की तिथून पुढे 'अहो-जाहो' संपतं, ही सगळ्या पोलंडची रीत. चहा गरम, कोपरं अडकलेली, अंतर वीतभर.

"तीमोन," ती म्हणाली.

"इरमिना," तो म्हणाला. "आता सांग, नक्की पाप कोणतं?"

"तुझीच का नाही सांगत, सगळी पाठ आहेत तर!"

शनिवारी दोघं नदीवर निघाली. पन्नास पावलं गेल्यावर तीमोनला आठवलं, चष्मा दुकानातच राहिला. दोघं परत फिरली. त्याने चष्मा उचलला, दाराजवळच्या स्टुलावर बसला आणि एका दमात म्हणाला, "एकदोनतीनचारपाचसहासातआठनऊदहा, चल!" इरमिनाला यात काहीच नवल वाटलं नाही. विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरलेल्या माणसाने बसून दहा मोजल्याशिवाय पुन्हा निघायचं नसतं. तिच्या आईने एकदा वडिलांना लग्नाच्या वरातीतून आणून बसवलं होतं.

विस्तुलाचं पाणी करडं, संथ वाहत होतं. काठावरच्या बाकावर बसून तीमोनने ग्दान्स्कच्या एका मुलीची गोष्ट सांगितली. ती अशीच चार दिवसांसाठी आली होती. तो तिला म्हणाला, थांब. ती थांबली आणि दीड वर्ष रोज गाडी चुकल्यासारखं तोंड करून खिडकीत बसली.

"तेव्हापासून ठरवलंय, कुणाला थांब म्हणायचं नाही."

"माझं उलटं आहे," इरमिना म्हणाली. "सहा वर्षं एकालाच विचारत होते, आपलं पुढे काय? दर वेळी मीच. शेवटी त्याने उत्तर दिलं... दुसरीशी लग्न करून. आता मी कुणाला काही विचारत नाही."

"बरं आहे," तीमोन म्हणाला.

"बरंच आहे," इरमिना म्हणाली.

पण दोघांनाही बरं वाटत नव्हतं. परतताना त्याने तिचा गार हात आपल्या कोटाच्या खिशात घातला. खिशात लाकडाच्या चार ढलप्या होत्या. इरमिनाला तो माणूस आवडला होता. आवडला म्हणजे असा, की उद्या परत जायचंय हे आठवलं की तिचं पाऊल हळू पडायचं.

रविवारी चार पस्तीसची गाडी होती. साडेतीनला ती दुकानात निरोप घ्यायला गेली. तीमोन एक साचा कोरत होता, मान वर न करता.

"स्टेशनवर येऊ?"

"नको, भिजशील."

"हं."

"काळजी घे, तीमोन."

"तूसुद्धा... आणि बुरुजापासून लांब राहा."

झालं. तीन दिवसांची एवढीच किंमत! ती बाहेर पडली आणि भराभर पुलाच्या दिशेने निघाली. त्याने थांब म्हटलं नाही, तिने विचारलं नाही, दोघांचे निश्चय अगदी शाबूत. पुलाच्या तोंडाशी केसांतून ओघळलेलं पाणी मानेवर गेलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की छत्री राहिली. कपाटातले मोजेसुद्धा वारांप्रमाणे लावणारी बाई, आणि छत्री विसरली... तीही धो धो पावसात!

ती परत आली तेव्हा तीमोन दाराशीच उभा होता, छत्री हातात घेऊन. निघायच्या तयारीत होता की नुसता उभा होता, देव जाणे.

"छत्री," ती धापा टाकत म्हणाली.

"बस," तो म्हणाला.

"गाडी चुकेल."

"तशीच गेलीस तर गाडी रुळावरून घसरेल. बस. मी मोजतो."

ती स्टुलावर बसली. तो समोर उकिडवा बसला.

"एक," तो म्हणाला. शेगडीत लाकूड तडतडलं. "दोन..." त्याने तिच्या कपाळावरची ओली बट बाजूला केली. "तीन..."

"काल तर एक्सप्रेस गाडी सोडल्यासारखं मोजलंस."

"काल मला घाई होती. चार..."

पाच आणि सहाच्या मध्ये बाहेरून एक सायकल गेली. सातला इरमिनाचे हात त्याच्या हातांत होते. आठला तिने डोळे मिटले.

"नऊ," तो म्हणाला आणि गप्प झाला.

तिने एक डोळा उघडला. "पुढे?"

"पुढचा मला येत नाही."

"तीमोन!"

"खरंच. थांब म्हणायचं नाही असं ठरवलंय, ते मी पाळतोय. पण दहा म्हटलं की तू जाणार. मी नाही म्हणणार, इरमिना. मला नाही जमणार."

स्टेशन पुलापलीकडे, गाडी वेळेवर सुटणारी. आणि तिला कशाचंच काही वाटेना. तिने त्याच्या भुवईवरून बोट फिरवलं. तिथे आज भुसा नव्हता, तरीही.

"शुक्रवारी दुपारी मला अर्धी रजा असते," ती म्हणाली. "दर शुक्रवारी. मी विचारत नाहीये, सांगतेय."

"मी थांब म्हणत नाहीये," तो म्हणाला. "पण पुढची गाडी सहा पन्नासची आहे."

सहा पन्नासच्या गाडीने ती गेली. नवावरच अडकलेली, दहा न मोजता. आईला कळलं असतं तर तिने गाडीची साखळी ओढायला लावली असती. गाडी मात्र सुखरूप पोझनानला पोचली.

पुढच्या शुक्रवारी चार वाजता दुकानाचं दार उघडलं. तीमोनने मान वर केली. दारात इरमिना, अंगात ओला कोट, हातात मागच्या वेळेपेक्षा मोठी बॅग.

"काय विसरलीस आता?" त्याने विचारलं.

ती सरळ जाऊन त्याच स्टुलावर बसली.

"दहा," ती म्हणाली. "दहा राहिलेत माझे. म्हण."

"नाही म्हणणार."

"माहीत आहे," इरमिना म्हणाली, आणि कोट काढून तिने खुंटीवर टांगला.