पाचवीच्या दिव्याचं तेल

लाइट गेली तसे ओट्यावरच्या पोरांनी मोबाइल पेटवले. चिमणकाकांनी ते बंद करायला लावले, मगच तोंड उघडलं.

खोटं वाटलं तर विनोदला जाऊन विचारा. तलासरीकडच्या पाड्यावरचा हा गडी, डहाणूत खाडीकडच्या जुन्या आळीत भाड्याने नुकताच राहायला आलेला. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकातली अमावास्या, आणि नेमकी त्याच रात्री त्याच्या लेकीची पाचवी.

पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. दिवा विझू द्यायचा नाही, दाराला कडी लावायची नाही. त्या आळीची आणखी एक रीत होती. दिव्याचं तेल दारोदारी पळीपळी मागून आणायचं. पारशी, बोहरी, जैन, मासेमारी करणारे मांगेले, सगळे भिंतीला भिंत लावून राहतात; पोर जन्मलं की ते आळीचं.

दिवेलागणीला विनोद वाटी घेऊन निघाला. बापाची छाती नुसती फुगलेली! पारशीणबाईंनी "दीकरी आवी? तो मिठाई कुठे?" म्हणत तेल ओतलं. बोहरी चाचीने दुआ दिली. शेवटी वळणावर एक घर दिसलं. रंगीत काचा, आत मिणमिणता उजेड. पाड्यावर एक घर वगळलं तर ते जन्मभर रुसतं. विनोदने दार वाजवलं.

हिरव्या लुगड्यातली एक बाई आली. काही न विचारता तिने तेल ओतलं, पळीभर नाही, वाटी भरेपर्यंत.

"पोरगी ना?"

"हो, ताई."

"येते बघायला."

घरी दक्षा बाळाला घेऊन बसली होती. शेजारची नवशीआजी सोबतीला होती. विनोदने कौतुकाने एकेक घर सांगितलं. वळणावरचं ऐकून आजीचा वात वळणारा हात थांबला.

"अरे, त्या घराला कुलूप हाय. मी लगीन होऊन आले तेव्हापासून. तिथली बाय बाळंतपणात गेली... पोरगी बी गेली."

विनोद कडीकडे धावला. दक्षाने त्याचा हात धरला.

"लावू नका. सटवाई कुठून येईल? माझ्या पोरीचं कपाळ कोरं ठेवू?"

"आणि ती आली तर?"

भीतीने दक्षाचे ओठ पांढरे पडले होते, पण हात सोडला नाही.

कडी उघडीच राहिली. तेल एकात एक मिसळलेलं, वेगळं काढणार कसं? त्याच तेलाचा दिवा लावला.

आळी निजली. कुत्रीही गप्प.

मग पावलं आली. अनवाणी. ओट्याशी थांबली...

दार हललं.

ज्योत वाकली. विझली नाही.

आत कोणी दिसेना. आजीने डोळे मिटून घेतले. दक्षाने बाळावर पदर ओढला... आणि पदर हळूच बाजूला झाला.

बाळ हसलं.



पावलं परत गेली.

उजाडलं तेव्हा पोर गाढ झोपलेली होती. अंग गार नाही, ताप नाही. दक्षा रडली, हसली, तिचे मुके घेत सुटली. मग तिने दुपटं उलगडलं.

डाव्या पायाच्या तळव्यावर काजळाची तीट होती. घरात काजळ कोणी धरलंच नव्हतं.

दक्षाने ओल्या फडक्याने पुसून पाहिली. पोरगी आता आळीभर पळते. तीट अजून गेलेली नाही.