पूजेतला लॅपटॉप

शिंदे की छावनीतल्या त्या गल्लीत एक बुलेट आडवी लावलेली होती, आणि सीमंतिनी पुराणिकला त्या दिवशी आडवं काहीही चालणार नव्हतं. तिने स्कूटीचा हॉर्न दाबला तो दाबूनच धरला.

समोरच्या दारातून एक उंच तरुण बाहेर आला. झब्बा, कपाळावर कुंकवाचा टिळा, तोंडावर मास्क. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते हसत होते. तिला त्या डोळ्यांचाही राग आला.

"भैया, गाड़ी हटाइए. रस्ता आपके पिताजी का है क्या?"

"पिताजींचा नाही, पणजोबांचा होता म्हणतात," तो आरामात म्हणाला. "मराठीत ओरडा ना, मॅडम. स्कूटीवर पुराणिक लिहिलंय तुमच्या. हिंदीत तुमचा राग जरा कच्चा वाटतो."

"कच्चा? पक्का दाखवू का? मला भोइट्यांच्या घरी जायचंय. हर्षिता भोइटे, आठवी."

"मग उतरा की. हेच घर. मी तिचा काका, विहंग."

"तर ते तुम्ही लोक!" सीमंतिनी स्कूटीवरून उतरली ती जणू घोड्यावरून. "सकाळपासून फोन करतेय. एक माणूस उचलत नाही. मतलब, फोन ठेवलेत कशाला घरात?"

"आज खंडेनवमी. पूजा चालली होती, सगळ्यांचे फोन बंद."

"मला लॅपटॉप द्या. शाळेचा. आत्ताच्या आत्ता."

विहंगच्या डोळ्यांतलं हसू पहिल्यांदा जरा डगमगलं. "तो... पूजेत आहे," तो म्हणाला.

आता हा लॅपटॉप काय आणि सीमंतिनीला त्याच्यासाठी एवढं पेटायला काय झालं, ते सांगायला हवं. करोनाचा तो पहिला दसरा. मार्चपासून शाळेला कुलूप होतं. लॅबमधले लॅपटॉप कव्हरं पांघरून झोपले होते आणि मुली बापाच्या मोबाइलवर शिकत होत्या. बाप कामावर गेला की मोबाइल गेला, मोबाइल गेला की शाळा गेली. बिर्ला नगरची गरिमा नावाची एक मुलगी तर कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात बसून तास करायची. दुकानात दिवसभर रिकामटेकडे पुरुष. गणिताच्या तासाला गरिमाच्या मागून कुणीतरी घाणेरडं हसलं ते शिकवता शिकवता सीमंतिनीने आपल्या कानांनी ऐकलं, आणि गरिमाने खाली घातलेली मान पडद्यावर पाहिली. त्या दिवशी ती संस्थेच्या सेक्रेटरींच्या, म्हणजे माधवरावांच्या, दारात जाऊन उभी राहिली. लॅपटॉप घरोघरी द्या म्हणाली. त्यांत फक्त अभ्यास उघडेल अशी व्यवस्था करते, पोरींना आपल्या घरात, आपल्या आईसमोर बसून शिकू द्या म्हणाली. माधवराव नाही म्हणाले. ती रोज जात राहिली. शेवटी कंटाळून ते हो म्हणाले.

दोन घरांत मिळून एक लॅपटॉप, आठवडा याच्याकडे, आठवडा त्याच्याकडे. हर्षिताचा आठवडा आज संपत होता आणि गरिमाचा आज सुरू होत होता. आणि आज पाच वाजता गरिमाची परीक्षा होती. बंगळुरूच्या एका निवासी शाळेची. पास झाली तर बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण फुकट. बंगळुरूवाल्यांना खंडेनवमीचं काय पडलंय? पाच म्हणजे पाच. शाळेतल्या आणखीही मुली बसणार होत्या, त्यांचे लॅपटॉप त्यांच्यापाशी होते. नव्हता तो एकट्या गरिमापाशी.

"पूजेत म्हणजे?" सीमंतिनीने विचारलं.

म्हणजे ते तिने आत जाऊन पाहिलंच. चौरंगावर दोन तलवारी, एक कट्यार, विहंगच्या वहिनींचं शिवणयंत्र, हर्षिताची कंपासपेटी, एक हॉकी स्टिक, आणि सगळ्यांच्या मधोमध झेंडूची माळ घालून शाळेचा लॅपटॉप. झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. चार्जरलासुद्धा हळद लावलेली.

"मॅडम, उद्या सीमोल्लंघन झालं की मी स्वतः आणून देतो," विहंग हळूच म्हणाला. "पेढ्यांसकट."

"पेढे तुम्ही खा. पाचला परीक्षा आहे एका मुलीची!"

खुर्चीत बसलेले वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. विहंगचे वडील, संभाजीराव. मिशा पांढऱ्या, आवाज अजून परेडचा.

"बेटा, पूजेतलं शस्त्र सीमोल्लंघनाआधी हलत नाही. या घरात कधीच हललं नाही."

"काका, हे शस्त्र नाही. आणि तुमचं तर मुळीच नाही. शाळेचं आहे."

"म्हणून तर मधोमध ठेवलं," संभाजीराव म्हणाले. "परक्याची ठेव. आमच्या पोरीचं हेच शस्त्र. त्याचा मान मोठा."

त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा असता तर सीमंतिनीने त्यांना सोलून काढलं असतं. पण म्हातारा मनापासून बोलत होता, आणि त्याने तिचा संताप दुप्पट झाला. वाईट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाच्या चांगुलपणाने एखाद्या पोरीचं वाटोळं व्हायला लागलं तर डोकं कुठे आपटायचं?

"मान!" तिचा आवाज फाटला. "ती मुलगी रिचार्जच्या दुकानात बसून शिकली, काका. मागे लफंगे उभे. ते हसायचे, ही मान खाली घालून गणितं सोडवायची. आज घरात बसून एक परीक्षा द्यायचीय तिला, बस्स. हा इथे झेंडूची माळ घालून बसलाय, तर ती काय करेल? पुन्हा त्याच दुकानात जाईल. ती जाईल, मला माहितेय. तिला तेवढं हवंय हे."

विहंगच्या डोळ्यांतलं हसू आता पार मावळलं होतं. त्याने चपला काढल्या, चौरंगापाशी वाकून नमस्कार केला आणि माळ बाजूला सारून लॅपटॉप उचलला.

"विहंग, खाली ठेव ते."

"आबा, माफ करा."

"उद्या सीमोल्लंघनाला माझ्याबरोबर यायचं नाही मग," संभाजीराव म्हणाले. एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवली.

विहंगचा हात क्षणभर थांबला. सीमंतिनीने तो थांबलेला पाहिला. मग त्याने तिच्या हातात लॅपटॉप दिला, वर चार्जर ठेवला आणि म्हणाला, "चला. बुलेट आडवी लावली ते बरंच झालं, लवकर निघेल."

ती मागे बसली. दोघांमध्ये लॅपटॉप होता. वाऱ्याने झेंडूची एक पाकळी तिच्या गालाला चिकटली, ती तिने रागानेच काढली. पण टाकली नाही.

बिर्ला नगरात गरिमा दाराशीच उभी होती. शाळेचा गणवेश घालून, दोन वेण्या रिबिनींनी बांधून. घरात बसून द्यायच्या परीक्षेला! तिने लॅपटॉप उलटा करून अक्षता झाडल्या आणि तो सुरू केला. पाचाला थोडा वेळ होता. गरिमाच्या आईने दार लोटून घेतलं, आणि हे दोघे बाहेरच्या ओट्यावर उरले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"तुम्ही हसत होतात," सीमंतिनी म्हणाली. राग अजून संपला नव्हता, फार तर त्याला बसायला जागा मिळाली होती. "पेढ्यांसकट म्हणे!"

"हो. चुकलं माझं," तो म्हणाला. आणि मग, "एक विचारू? अदलाबदलीचा दिवस नवमीला कुणी ठरवला?"

सीमंतिनी मास्क सारखा करू लागली.

"नाही, मतलब... पुराणिकांच्या घरातल्या तुम्ही. खंडेनवमी तुम्हाला माहीत नव्हती?"

माहीत होती. सकाळीच तिच्या वडिलांनी सरस्वतीपुढे पुस्तकं मांडली होती, आज वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं आणि तिने हळदकुंकू वाहून नमस्कारही केला होता. तरी डोक्यात आलं नाही की दुसऱ्याच्या घरातही तेच चाललं असेल.

"मी ठरवला," ती म्हणाली. "शाळेचं कॅलेंडर बघून. माझीच चूक. झालं समाधान?"

"नाही. मला तुम्ही चुकलेल्या नको होतात... मला कुणावर तरी चिडायचं होतं." विहंग समोरच्या बंद गिरणीच्या भिंतीकडे बघत होता. "मी हॉकी शिकवतो. कंपू भागातल्या मैदानावर. ते मार्चपासून बंद. माझी गोलकीपर होती, काय पोरगी होती! अंगावर बॉल यायचा आणि ती पुढे जायची. बारावीसुद्धा नव्हती झाली. जूनमध्ये तिच्या लग्नाचा फोटो आला व्हॉट्सअपवर. मी काय केलं? हात जोडलेली इमोजी पाठवली."

सीमंतिनीने त्याच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर आता फक्त राग होता. स्वच्छ, धगधगता, अगदी तिच्यासारखा. आणि तिला एकदम वाटलं की एवढ्या मोठ्या गावात, एवढे महिने, आपण एकट्याच चिडलेल्या आहोत असं आपल्याला वाटत होतं. तसं नव्हतं. हा माणूस छावनीत बसून तितकाच जळत होता.

"मग जोक कसले करता?" ती म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

"मला राग आला की मी जोक करतो. तुम्हाला राग आला की राग येतो. सच्ची सांगतो, तुमचं बरं आहे."

ती हसली. मास्क होता म्हणून वाचली, नाहीतर किती हसली ते त्याला दिसलं असतं. त्याला दिसलंच. डोळे कुठे लपतात?

परीक्षा संपली तसं दार उघडलं. गरिमा बाहेर आली, हाताला कुंकू लागलेलं, चेहरा लाल.

"कैसा गया?" दोघांनी एकदमच विचारलं.

"एक सवाल ही ग़लत था, मॅडम. नीचे दिए हुए चारों जवाब ग़लत." गरिमा प्रचंड चिडलेली होती. "मैंने नीचे लिख दिया उनको."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपूत, पुराणिकांच्या फाटकाशी विहंग उभा होता. आत यायला त्याने नकार दिला. हातात शमीची पानं होती; इकडे आपट्याऐवजी तीच सोनं म्हणून देतात.

"सोनं द्यायला आलो," तो म्हणाला. "घरात कुणी घेईना. आबा हर्षिताला घेऊन शमीच्या पूजेला गेले. मी... लहानपणापासून दर वर्षी त्यांच्याबरोबर जातो. आज दारातून बघितलं फक्त."

यावर तो काहीतरी विनोद करणार होता. तो त्याला सुचला नाही.

सीमंतिनीने पानं घेतली. त्याची बोटं गार होती. कालपासून जरा निवलेला तिचा राग पायाच्या नखापासून पुन्हा वर चढला. एका मुलीसाठी हा माणूस सणाच्या दिवशी आपल्याच दाराबाहेर उभा राहिला, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा? ती आत गेली, मास्क बांधला, पायात चपला सरकवल्या आणि फाटक उघडून बाहेर आली.

"कुठे?" विहंगने विचारलं.

"तुमच्या आबांकडे. दिवस मी चुकीचा ठरवला, मी माफी मागणार. आणि मग भांडणार. मुलाशी असं वागतात का?"

"ते ऐकायचे नाहीत."

"माधवरावही ऐकत नव्हते."

"सीमंतिनी..." त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं. "ते विचारतील, तुम्ही कोण म्हणून भांडताय? हर्षिताच्या मॅडम म्हणून? मी काय सांगू त्यांना?"

ती थांबली. कान तापले. काल दुपारपर्यंत या माणसाचे डोळे तिला नकोसे होते, आणि रात्रभर तिने दुसरं काही पाहिलं नव्हतं.

"सांगा, तुमची म्हणून," ती म्हणाली, अजून चिडलेल्याच आवाजात. "आता चला. ते परत यायच्या आत पोहोचू."