पोच

किनाऱ्यावरच्या नियंत्रण-कक्षात भिंतीवर सहा दिवे होते. समुद्रतळावरच्या 'शिंपला' प्रयोगशाळेतल्या सहा डेस्कटॉपांचे. दिवा हिरवा असला की तो संगणक किनाऱ्यावरच्या माहितीकोशाला, म्हणजे सर्व्हरला, जोडलेला आहे असं समजायचं. शिंपल्यातल्या पाच जणांत शाल्मलीचा नवरा अभिराम होता, त्यामुळे येता-जाता तिची नजर त्या दिव्यांवर जायचीच.

"तुझा दुभाषा बसवल्यापासून एकही दिवा विझला नाही बघ," हरचेकर सर चहा ओतत म्हणाले. "आधी सतत रुसवेफुगवे."

रुसव्याला कारणही होतं. शिंपल्यातलं जाळं जुनं, संथ. किनाऱ्यावरचं नवं, उतावळं. सर्व्हरने निरोप पाठवला आणि पोच लगेच आली नाही, की तो जोडणी तोडून मोकळा. म्हणून शाल्मलीने दोहोंमधल्या तारेच्या दोन्ही टोकांना एकेक दुभाषा बसवला होता. निरोप आला की हे यंत्र आधी आपणच पोच देऊन टाकायचं आणि मग सवडीने निरोप पलीकडे पोचवायचं.

शेजारच्या पाळणाघरातून रेवूची हाक आली, "आई!"

"हं," पाळणाघर सांभाळणाऱ्या पार्वतीमावशींनी कणीक मळता मळता शाल्मलीच्या वतीने ओ दिली. ही त्यांची रोजची युक्ती. 'हं' ऐकलं की रेवू खेळात रमायची आणि आईचं काम उरकायचं.

आज पुन्हा हाक आली, पुन्हा 'हं' झालं. तिसऱ्या हाकेला मात्र शाल्मलीच उठली. रेवूचा पाय खुर्चीच्या दांड्यांत अडकला होता. गुडघा लालेलाल, पण पोर शांत बसलेली.

"अगं, रडायचं तरी की नाही?"

"तू हं म्हणालीस ना. मग थांबले."

पाय सोडवताना शाल्मलीचे हात थबकले. रेवूला कडेवर घेऊन ती कक्षात परतली.

"सर, मधली तारच तुटली तर दुभाषा काय करेल?"

"करेल काय? पोच देत रा…" हरचेकरांनी कप खाली ठेवला.

तिने दुभाषा उघडून पाहिला. सकाळपासूनचे सगळे निरोप त्याच्यापाशीच साचले होते. पलीकडे एकही गेला नव्हता. भिंतीवर सहाही दिवे हिरवेगार.

"जलयान खाली सोडा, सर."

"सोडतो. पण घाबरू नकोस. तिकडे काही बिघडलं असतं, तर सुटका-कुपीत बसून ते केव्हाच वर आले असते."

शाल्मली रेवूचा गुडघा चोळत राहिली.

संध्याकाळी जलयान पाचही जणांना घेऊन आलं. शिंपल्यातली हवा शुद्ध करणारी यंत्रणा सकाळीच बंद पडली होती. सगळे जिवंत होते, पण ओठ निळे पडलेले. सुटका-कुपी जागची हललीही नव्हती.

"का नाही आलात कुपीतून?" हरचेकरांनी विचारलं.

"सकाळीच कळवलं होतं, यान पाठवा म्हणून," स्ट्रेचरवरचा अभिराम तुटक श्वास घेत म्हणाला. "लगेच पोच आली. पोच आली की थांबायचं, असा नियम आहे ना."

शाल्मलीने मान खाली घातली.

"बाबा," रेवूने हाक मारली. अभिरामचे डोळे मिटले होते. त्याच्या वतीने ओ द्यायला पार्वतीमावशींनी तोंड उघडलं, तसा शाल्मलीने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"बाबा," रेवू पुन्हा म्हणाली.

सगळे थांबून राहिले.

"हं," बऱ्याच वेळाने अभिराम म्हणाला.